लेप्टॅनिला : एका मुंगीची दोन नावे

मुंगी हा मनुष्याच्या नित्य परिचयातील कीटक होय. तथापि लेप्टॅनिलिनी या उपकुलातील मुंग्या कीटकशास्त्रज्ञांच्याही दृष्टीस क्वचितच पडतात. कार्लो एमेरी या इटालियन शास्त्रज्ञाने १८७० साली कोर्सिका बेटावरील नमुन्यांवरून लेप्टॅनिला या प्रजातीचे प्रथम वर्णन केले. तिची कामकरी मुंगी जेमतेम एक-दोन मिलिमीटर लांबीची, फिकट पिवळी व नेत्रहीन असून तिचे सारे आयुष्य मातीखाली जाते.

या मुंग्यांच्या जीवनक्रमावर मोठा प्रकाश पडला तो केइइची मासुको यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या जपानी जातीच्या अभ्यासामुळे. ही जाती मातीतील गोमांची शिकार करते. गोम आकाराने कितीतरी मोठी असते. म्हणून कामकरी मुंग्या एकजुटीने तिच्यावर तुटून पडतात. राणीच्या पोषणाची रीत याहूनही विलक्षण आहे. अळीच्या उदराच्या दोन्ही बाजूंस एक सूक्ष्म इंद्रिय असते व त्यातून मिळणारा रक्तरस राणी प्राशन करते. अळीला मात्र त्यामुळे इजा होत नाही.

या गुप्त जीवनातूनच नामकरणाचा एक प्रश्न उद्भवला आहे. राणी व कामकरी मातीत राहतात. नर मात्र सपंख व डोळस असून हवेत उडतो. त्यामुळे मातीच्या नमुन्यात कामकरी मुंगी सापडते, तर कीटकांच्या सापळ्यात नर. दोहोंच्या रूपात काहीच साम्य नसल्याने त्यांचे नाते केवळ पाहून ठरविता येत नाही. स्काइफोडॉन (१९२५), नूनिला (१९६८) व यावनेला (१९८७) या प्रजाती केवळ नरांवरूनच कल्पिल्या गेल्या. यावनेलामध्ये भारतातील एका जातीचाही समावेश होता. पुढे इराणमध्ये भूगर्भात एक लांब पायांची अंध कामकरी मुंगी सापडली आणि ती यावनेला गटातील असल्याचे २०२२ साली जनुकीय तुलनेने सिद्ध झाले. नर व कामकरी एकाच वसाहतीत पाहावयास मिळाले नसतानाही हा निर्णय करता आला, हे विशेष होय.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. नमुना ज्या मार्गाने हाती आला, त्या मार्गाची मर्यादा नावातही उतरते. नावे दोन आहेत म्हणून वस्तूही दोन आहेत असे मानल्यास एकाच जातीची गणना दोनदा होण्याचा संभव राहतो. सबब, केवळ नरावरून अथवा केवळ कामकरी मुंगीवरून दिलेले नाव हा सिद्धान्त नव्हे. ते पडताळणीची अपेक्षा धरणारे अनुमान होय.