मुलीचा एक खांदा वर दिसतोय? दप्तराला दोष देण्याआधी पाठ पाहा

नवा गणवेश घातला, तर त्याची एक बाजू वर चढलेली. घरचे म्हणतात, शिंप्याचे माप चुकले. पण दुसऱ्या कपड्यातही तेच दिसत असेल, तर गडबड पाठीच्या कण्यात असू शकते. एक खांदा वर, कंबर एका बाजूने आत गेलेली, या स्कोलिओसिसच्या खुणा आहेत.

या विकारात कणा इंग्रजी 'सी' किंवा 'एस'सारखा बाजूला वळतो आणि वळताना पिळवटतोही. एक्स-रेमध्ये हा वाक किमान १० अंश भरला, तरच त्याला स्कोलिओसिस म्हणतात. किशोरवयातील १०० पैकी दोन-तीन मुलांत तो आढळतो. वाक वाढून उपचारांची वेळ येणाऱ्यांत मात्र मुलीच जास्त.

बहुतेकदा त्याचे कारण सापडत नाही. जड दप्तराने, मोबाइलवर वाकून बसण्याने पाठ दुखते, ते टाळावेच. पण त्यांमुळे हा विकार होत नाही. 'सरळ बस' असे ओरडून तो जातही नाही.

घरी कसे पाहाल?

मुलीला पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, हात जोडून पुढे वाकायला सांगा आणि मागून पाठ पाहा. बरगड्यांचा एक भाग उंचवट्यासारखा वर आला, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. १० ते १४ वर्षे हे वय महत्त्वाचे, कारण उंची झपाट्याने वाढते तेव्हाच वाकही वाढतो. नेमक्या याच वयात मुली सैल कपडे घालू लागतात आणि आईला पाठ दिसेनाशी होते. त्यात बहुधा दुखतही नाही, म्हणून महिने निघून जातात.

या महिन्यांनाच किंमत आहे. वाक २५ ते ४० अंशांचा असेल आणि उंची वाढायची असेल, तर पट्टा म्हणजे ब्रेस देतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातील अभ्यासात ब्रेस घालणाऱ्या ७२ टक्के मुलांचा वाक ५० अंशांपर्यंत, म्हणजे शस्त्रक्रियेच्या उंबरठ्यापर्यंत गेला नाही. न घालणाऱ्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते. जितके जास्त तास ब्रेस, तितका फायदा अधिक. वाढ थांबल्यावर ब्रेसचा उपयोग राहत नाही.

हाडांची शिदोरीही याच वयात भरते. स्कोलिओसिस असलेल्या अनेक मुलींची हाडे तुलनेने विरळ आढळतात. कॅल्शियमने वाक सरळ होत नाही, पण हाडे भरीव होण्यासाठी ते लागतेच. १३ ते १५ वर्षांच्या मुलांना रोज सुमारे १,००० मिलिग्रॅम हवे. १०० ग्रॅम नाचणीतून साडेतीनशेच्या आसपास मिळते, पेलाभर दुधातून साधारण अडीचशे. जोडीला तिळाची चटणी, अंगावर ऊन आणि दोरीवरच्या उड्या.

खेळ सहसा बंद करावा लागत नाही. धावपटू युसेन बोल्टलाही स्कोलिओसिस आहे. १०० मीटरचा ९.५८ सेकंदांचा विश्वविक्रम त्याने २००९ मध्ये त्याच पाठीने केला.