कुणी दाबलीय किलवरची छक्की?

दौंडहून रोज पुण्याला जाणाऱ्या पासवाल्यांच्या डब्यात पत्ते निघाले, की रमी नाहीतर मेंढीकोट रंगतो. घरात मात्र पहिला डाव बदाम सातचा. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठचा मळा असो की दौंडची रेल्वे वसाहत, सुट्टीत भाचरं जमली की हाच खेळ मांडला जातो. मेंढीकोटला चार भिडू लागतात, त्यातही जोड्या. पाच-तीन-दोनला तिघंच हवेत आणि पानंही तीसच. बदाम सातला तिघं बसोत की सात, दुसरीतली नात बसो की आजी, आकडे ओळखता आले की पुरे.

सत्तीपासून खाली आणि वर त्याच रंगाची पानं ओळीने लावत जायचं, असा हा खेळ. सुरुवात सत्तीनेच का, हे पानं मोजली की कळतं. प्रत्येक रंगात तेरा पानं. एक्क्यापासून छक्कीपर्यंत सहा, अठ्ठीपासून राजापर्यंत सहा आणि मधोमध सत्ती. दोन्हीकडे सारखंच अंतर. हाच खेळ इंग्रजीत सेव्हन्स, फॅन टॅन, पार्लमेंट अशा नावांनी खेळतात आणि तिकडे अनेक ठिकाणी पहिला मान चौकटच्या सत्तीला असतो. आपल्याकडे तो बदामाचा.

चौघांत पानं वाटली, तर एखाद्याच्या हाती एकही सत्ती न येण्याची शक्यता 30 टक्के असते. म्हणजे दहातल्या तीन डावांत माणूस दुसऱ्यांच्या मर्जीवर बसतो. चारही सत्त्या एकाच हाती येण्याचा योग फार दुर्मीळ वाटतो, पण चौघांपैकी कुणाच्या तरी वाट्याला तो सरासरी 95 डावांतून एकदा येतो. महिनाभराच्या सुट्टीत तो आला, तर नवल मानू नये.

लहान मुलं हा खेळ नशिबाचा समजतात आणि घरातली मोठी माणसं इथेच त्यांना हरवतात. खरं कसब पान दाबण्यात आहे. किलवरची सत्ती खाली आली, छक्की माझ्याकडे आहे आणि मी ती सोडत नाही, म्हणजे पंजीपासून एक्क्यापर्यंत पाच पानं ज्यांच्या हातात आहेत ते सगळे अडकले. मग ओरडा सुरू होतो, "किलवर कोण दाबतंय?" आणि बहुतेक वेळा ती आत्याच निघते! पण चालतं पान असेल तर ते टाकलंच पाहिजे, पास म्हणता येत नाही. म्हणून दाबायचं, तर हाताशी दुसरं चालतं पान हवं. दुसरी गोष्ट, जिच्यापलीकडची पानं आपल्याकडे नाहीत अशीच छक्की किंवा अठ्ठी दाबावी. स्वतःकडे दुर्री आणि एक्का असताना छक्की अडवणं म्हणजे आपलाच रस्ता बंद करणं. एक्के आणि राजे ज्याच्याकडे जास्त, त्याने त्या त्या रंगाची वाट लवकर मोकळी करावी. एवढं सात-आठ वर्षांच्या मुलाला उमगलं, की तो पुढची चाल आधी पाहायला शिकला. कोणत्याही शिकवणीपेक्षा हे मला मोलाचं वाटतं.

माणसं वाढली की दुसरा कॅट काढतात. दोन कॅट, आठ भिडू, म्हणजे पुन्हा प्रत्येकी तेरा पानं. सतरंजीवर चारऐवजी आठ ओळी लागतात आणि खेळाचा स्वभाव बदलतो. छक्की आता दोघांकडे असू शकते. एकाने दाबली तरी दुसऱ्याची पडते आणि एक ओळ पुढे सरकते. पूर्ण नाकाबंदी तेव्हाच, जेव्हा दोन्ही छक्क्या एकाच हातात येतात किंवा दोघंही दाबून बसतात. न बोलता जमलेली ही युती ओळखणं हा दोन कॅटच्या खेळातला सगळ्यात रंगतदार भाग आहे.

पिसण्याचंही महत्त्व आहे. बायर आणि डायकोनिस या गणितज्ञांनी 1992 मध्ये दाखवलं, की कॅटचे दोन भाग करून पानं एकमेकांत फरफर सोडण्याच्या पद्धतीने सात वेळा पिसलं, की 52 पानं पुरेशी मिसळतात. आपण हातात कॅट धरून थोडी थोडी पानं खाली सोडतो, त्याने पानं फारच सावकाश मिसळतात. बदाम सात संपल्यावर तर पानं रंगवार, ओळीने गोळा होतात. अर्धवट पिसून एकेक वाटलं, की लागोपाठची पानं वेगवेगळ्या हातांत जातात, सगळ्यांचे हात सारखेच होतात आणि डाव मिळमिळीत होतो. म्हणून पानं सतरंजीवर उपडी पसरून दोन्ही हातांनी कालवावीत. पोरांचं हे आवडतं काम आहे आणि पद्धतही उत्तम.

पत्त्यांचा आपला इतिहास या बावन्न पानांहून जुना आहे. बाबराने 1527 मध्ये सिंधमध्ये गंजिफेचे पत्ते पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा दहा रंगांची, 120 पानांची, गोल आणि हाताने रंगवलेली. ती कला तिथल्या राजघराण्याने विसाव्या शतकात मरता मरता वाचवली. छापील बावन्न पानं मात्र स्वस्त निघाली, घरोघर गेली आणि गंजिफेचा खेळ मागे पडला.

पत्त्यांवरचा डाग पैशांच्या खेळामुळे आला. आपल्याकडचा जुगार प्रतिबंधक कायदा 1887 सालचा. त्यातही निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे. दिवाळीच्या पाडव्याला द्यूतप्रतिपदा असंही नाव आहे, पण त्या निमित्ताने मुलांसमोर पैसे लावून खेळू नये असं माझं स्पष्ट मत आहे. बदाम सातला पैशांची गरजच नाही. हरलेल्याच्या हातातल्या पानांचे गुण मोजले, की चुरस येते. एक्क्याचा एक, राजाचे तेरा, सगळ्या कॅटचे मिळून 364.

अर्थात, गुण असे मोजायचे की नुसती पानं मोजायची, हे प्रत्येक घर आपलं आपण ठरवतं. दोन कॅटमध्ये पहिली बदाम सत्ती कोणाची, पाच भिडूंत उरलेली दोन पानं कोणाला, चालतं पान असूनही पास म्हटल्याचं उघडकीला आलं तर दंड काय, यांची उत्तरं शिरूरच्या मामाकडे एक आणि दौंडच्या काकांकडे दुसरी असतात. भांडणं त्यावरूनच होतात. हे नियम तोंडी आहेत आणि ते ज्यांच्या तोंडी आहेत ती माणसं थकत चालली आहेत. तेव्हा या दिवाळीत डाव मांडाल, तेव्हा आजी-आजोबांना विचारून तुमच्या घरचे नियम वहीत उतरवा. खाली गावाचं नाव घाला, कोणाकडून शिकलात ते लिहा आणि ती वही कॅटच्या डबीसोबत ठेवा.