चिंताग्रस्त रुग्णाची स्मृती : प्रश्नपरीक्षेतील एक दुर्लक्षित अंग

"अलीकडे काहीच लक्षात राहत नाही" अशी तक्रार घेऊन रुग्ण आला की ब्राह्मी, शंखपुष्पी किंवा सारस्वतारिष्ट लिहून देऊन मोकळे व्हायचे, ही सवय आपल्यापैकी अनेकांना आहे. आम्हीही त्यास अपवाद नव्हतो.

काही वर्षांपूर्वी एक मध्यमवयीन गृहिणी आमच्याकडे आल्या. अनिद्रा, हृद्द्रव, अरुची आणि कर्जाच्या हप्त्यांची अहोरात्र चिंता. दोन महिने मेध्य औषधे दिली. झोप थोडी सुधारली. परंतु "आता काय करावे, काहीच सुचत नाही" हे वाक्य जिथल्या तिथे राहिले. वस्तुतः बाईंना दूधवाल्याचा हिशेब, मुलांच्या परीक्षांच्या तारखा सर्व पाठ होते. मग बिघडले होते ते काय?

याचे उत्तर शोधताना मानसशास्त्रातील एक संशोधन आमच्या वाचनात आले. ब्रिटनमध्ये मार्क विल्यम्स आणि कीथ ब्रॉडबेंट यांनी १९८६ साली आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या रुग्णांना काही शब्द देऊन, त्या शब्दावरून स्वतःच्या आयुष्यातील एखादा विशिष्ट प्रसंग आठवण्यास सांगितले. अनेकांना प्रसंग सांगता येईना. ते सर्वसाधारण विधाने करीत. "अमुक दिवशी अमुक घडले" असे न म्हणता "माझे नेहमी असेच होते" असे म्हणत. पुढे १९९२ मध्ये अशाच रुग्णांच्या अभ्यासात असे दिसले की ज्यांची आत्मस्मृती अशी मोघम, त्यांना व्यवहारातील अडचणींवर सुचणारे उपायही तोकडे. ही परीक्षा मोठी मार्मिक आहे. गोष्टीचा आरंभ आणि शेवट रुग्णास सांगतात. मधला मार्ग त्याने भरायचा. तो मार्ग पूर्वानुभवाच्या तपशिलातूनच सापडतो, आणि तपशीलच हाती नसेल तर मधली जागा रिकामी राहते.

मात्र येथे सावधगिरी हवी. हा दोष विषादात व आघातोत्तर विकारात जितका स्पष्ट आढळतो, तितका केवळ चिंतेत आढळत नाही. चिंतेच्या बाबतीत दिसते ते असे की मन चित्रांपेक्षा शब्दांत अधिक फिरते आणि विचार अमूर्त होत जातो. हार्वर्डमधील जिंग, मॅडोर आणि शॅक्टर यांनी २०१६ साली दाखविले की आधी एखादा अनुभव बारीकसारीक तपशिलासह आठवण्याचा सराव करविला, तर स्वतःच्या चिंतेच्या विषयावर अधिक समर्पक पायऱ्या सुचतात आणि अस्वस्थताही उणावते.

"हे सर्व आमच्या संहितेत आधीच आहे" असे म्हणण्याचा मोह आम्हास नाही. तरीही चरकाचार्यांनी शारीरस्थानात स्मृतीची जी आठ कारणे सांगितली, त्यांत 'सादृश्य' आहे, हे वैद्याने विसरू नये. आजच्या संकटासारखे जुने संकट समोर ठेवले की स्मृती जागी होते. अतिचिंतनाने रसवह स्रोतसे दुष्ट होतात हे आपण परीक्षेपुरते पाठ करतो, आणि मानसदोषांच्या उपायांत ज्ञान, विज्ञान, धैर्य व समाधी यांच्यासह 'स्मृती'ही गणली आहे याकडे काणाडोळा करतो.

आम्ही त्या बाईंना विचारले, "पूर्वी अशी ओढाताण कधी झाली होती?" उत्तर आले, "आमचं कायमच असं." आम्ही हट्ट धरला : एकच दिवस सांगा. कोणता महिना, घरात कोण होते, आधी कोणाकडे गेलात? बऱ्याच वेळाने सासऱ्यांच्या शस्त्रक्रियेचे वर्ष आठवले. पावसाचा दिवस, पतपेढीचा जिना, हप्ता पुढे ढकलण्यासाठी स्वतः लिहिलेला अर्ज. तो अर्ज आपणच लिहिला होता, हे त्या जणू विसरूनच गेल्या होत्या.

एका रुग्णावरून सिद्धांत होत नाही. औषधे चालूच होती, त्यामुळे श्रेय कोणाचे हेही सांगता येणार नाही. शिवाय प्रत्येकाची स्मृती उकरावी असेही नाही. दारुण आघातातून गेलेल्या रुग्णास घाईने तपशील विचारणे अपायकारक ठरू शकते. आणि जीव नकोसा झाल्याचे शब्द कानी पडताच काढ्यांवर विसंबून न राहता त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे पाठविणे हेच वैद्याचे कर्तव्य होय.

आमच्या रुग्णपत्रिकेत आता 'निद्रा' आणि 'मल' यांच्या खाली एक ओळ वाढली आहे : सदृश पूर्वप्रसंग, तपशिलासह. बाई पुढल्या खेपेस आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत नव्या अर्जाची पोच होती.