खुर्चीभोवती काय ठेवावं, काय नाही

परवा मुंबईत धोबीतलावच्या कयानी या इराणी हॉटेलात चहा प्यायला गेले आणि तिथल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या पुन्हा निरखून पाहिल्या.

ही घडण मिखाएल थोनेट यांची, 1859 सालची. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या केल्या की एका घनमीटरच्या खोक्यात छत्तीस मावत, म्हणून त्या जगभर पोचल्या.

पाठ पोकळ असल्यामुळे मागची भिंत आणि फरशी दिसत राहते. लहान खोलीत हे फार मोलाचं.

बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. गिरगाव-लालबागच्या चाळींतल्या बऱ्याच खोल्याही साधारण तशाच लहान. अशा घरात खुर्चीशेजारी जमिनीवर काहीही ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. सजावट भिंतीवर चढवा: दिवा, पेपरापुरती अरुंद फळी, आणि बसल्यावर डोळ्यांसमोर येईल असं एकच चित्र. उशीला खणाचा अभ्रा घातला की रंगाचं काम झालं.

टॉवेल-शर्टांसाठी दारामागे खुंट्या ठोका, म्हणजे खुर्चीची पाठ मोकळी राहील. गणपतीतल्या पाहुण्यांसाठी घडीच्या खुर्च्या घ्या. एरवी त्या भिंतीला टांगता येतात.

तुमच्या खोलीची मापं आणि दार कुठल्या बाजूला आहे ते खाली लिहा. खुर्ची कुठे शोभेल, नक्की सुचवेन.