नसेचं दुखणं: नंदुरबारची पंचवीस वर्षं

1 जुलै 1998 रोजी धुळ्यापासून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत नसेचं दुखणं ओळखण्याची रीत बरीच सोपी झाली. 2001 मध्ये लॅन्स आणि 2005 मध्ये डीएन-फोर या प्रश्नावल्या आल्या. आग होते का, करंट लागल्यासारखं होतं का, मुंग्या येतात का, असं विचारायचं आणि मग कापूस व टाचणी लावून संवेदना तपासायची. यासाठी महागडं यंत्र लागत नाही.

या जिल्ह्यात हे कौशल्य फार मोलाचं आहे, कारण इथे कुष्ठरोग आहे. देशपातळीवर दर 10,000 लोकांमागे एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट डिसेंबर 2005 मध्ये गाठलं गेलं, पण अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांच्या पाड्यांमधला आजार त्या आकड्याने संपला नाही. कातडीवरचा चट्टा शोधायची सवय सगळ्यांना लागली, नस चाचपायची मात्र तेवढी लागली नाही. काही रुग्णांना चट्टा नसतोच. कोपरापासून करंगळीपर्यंत कळ जाते, तिथली नस दोरीसारखी जाड झालेली असते आणि दाबली की दुखते. बहुविध औषधोपचार पूर्ण झाल्यावरही ती सुजू शकते. वेळेत प्रेडनिसोलोन सुरू झालं तर हाताची ताकद वाचण्याची शक्यता बरीच वाढते. उशीर झाला तर बोटं वाकडी होतात.

सिकलसेल या रक्ताच्या आजारानेही इथे निदान अवघड केलं. त्यातल्या तीव्र कळा रक्तपुरवठा अडल्याने येतात. पण वर्षानुवर्षं दुखत राहणाऱ्या काहींमध्ये जळजळ आणि झिणझिण्यांची भर पडते. अहवालावर सिकलसेल दिसलं की पुढचे प्रश्न थांबतात. मधुमेह, नागीण आणि क्षयरोगावरचं आयसोनियाझिड हीसुद्धा नस दुखण्याची कारणं आहेत. आयसोनियाझिडसोबत बी-6 दिल्यास तो त्रास टळतो.

निदान चुकलं की उपचारही चुकतो. डायक्लोफेनॅकच्या सुईने नसेची आग क्वचितच शमते. तिच्यावर रात्री दिलेली अमिट्रिप्टिलिनची छोटी, स्वस्त गोळी अनेकदा अधिक उपयोगी पडते.

2020 पासून नंदुरबारमध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक डॉक्टरच्या बोटांना कोपर, गुडघा, घोटा आणि मानेतल्या नसा ओळखता यायला हव्यात. रुग्ण धडगावहून डोंगर उतरून येतो. तेवढी दोन मिनिटांची तपासणी हा त्याचा हक्क आहे.