पित्ताशयाचा कर्करोग
भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत उजव्या बरगडीखालची कळ ‘पित्त झालें’ म्हणून सोसली जाते. बहुधा कारण साधें असतें. क्वचित् मात्र तेथें कर्करोग दडलेला असतो. यकृतास चिकटलेल्या पित्ताशयाची भिंत पातळ. त्यामुळें रोग यकृतांत लवकर शिरतो, आणि कावीळ दिसेपर्यंत अनेकदां उशीर झालेला असतो. पित्ताशयांत खडे असलेल्या बहुतेकांस तो कधींच होत नाहीं, हेंहि ध्यानांत ठेवावें. सोनोग्राफीनें संशय येतो, सीटी स्कॅननें व्याप्ति कळते. रोग मर्यादित असल्यास पित्ताशयासह यकृताचा लगतचा भाग व रसग्रंथि काढतात. पसरल्यास जेमसिटाबिन व सिसप्लॅटिन यांनीं आयुष्य कांहीं महिने वाढूं शकतें. म्हणून काविळीवर झाडपाला घेण्यांत आठवडे न दवडतां पुण्याचें ससून किंवा १९४१ पासून कर्करोगासच वाहिलेलें मुंबईचें टाटा रुग्णालय गांठावें.