आधी ‘ॲग्नेस’ लिहून दाखवा

कोणी नवा संगणक, नवा फोन किंवा डिझाइनचं नवं सॉफ्टवेअर दाखवायला आणलं, की मी त्याची मेमरी विचारत नाही. त्यावर दोन शब्द टाइप करून बघते: ‘ॲग्नेस’ आणि ‘किनाऱ्यावर’. वसईच्या राजोडीत बसून लग्नपत्रिका, बाप्तिस्म्याची कार्डं, स्मरणपत्रिका आणि समुद्राकाठच्या रिसॉर्टचे फलक करायचे, तर हे शब्द रोज लागतात. ते नीट उमटले, तरच पुढचं बोलणं.

आमच्या वसई पट्ट्यात ॲन्थनी, ॲलेक्स, ॲग्नेस घरोघरी सापडतील. पण ‘अ’वर चंद्र असलेलं हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या संगणकांनी मान्य केलेल्या अक्षरांच्या यादीत, आलं ते २००८ साली. तोवर हिंदीतल्यासारखा ‘ए’वर चंद्र देऊन ‘ऍग्नेस’ लिहायचं, नाहीतर ‘अ’ला सुटा चंद्र जोडून बघायचा, मग पुष्कळदा त्या चंद्राखाली ठिपक्यांचं वर्तुळ उमटायचं. ज्या बाईचं नाव पत्रिकेवर छापायचं, तिला ते वर्तुळ कसं चालेल?

‘किनाऱ्यावर’ची गोष्ट वेगळी. साधा ‘र’ घेऊन त्याला ‘य’ जोडला, की संगणक रफार देतो आणि ‘किनार्यावर’ होतं. मराठीला हवा असतो तो आडवा, पापणीसारखा अर्धा र. त्यासाठी खाली नुक्ता असलेला ‘ऱ’ घ्यावा लागतो. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून ‘जे’ची कळ दाबा, मग हलन्तासाठी ‘डी’, मग ‘य’. एवढंच. तरी कळंबपासून अर्नाळ्यापर्यंत फलक वाचत गेलात, तर चुकीचा रफार भेटतोच.

संगणकावर मराठी अशी का अडते, हे समजून घेण्यासारखं आहे. डीटीपीच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरांच्याच जागा वापरलेल्या असत. त्यांच्यावर फक्त देवनागरीची चित्रं बसवलेली असत. त्यामुळे फाइल दुसऱ्या संगणकावर गेली आणि तिथे तो फॉन्ट नसला, की अख्खी पत्रिका इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन समोर यायची. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. जोडाक्षर कसं जुळवायचं, पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी कशी न्यायची, हे फॉन्ट आणि सॉफ्टवेअर मिळून ठरवतात. ज्या सॉफ्टवेअरला ही जुळणी येत नाही, तिथे ‘किनारा’ची वेलांटी ‘क’च्या पुढे जाऊन बसते. अशा सॉफ्टवेअरमध्ये सावल्या, चकाकी, त्रिमिती सगळं असलं तरी माझ्या लेखी ते अपुरं आहे.

संगणकासाठी अक्षरं घडवण्याचं काम ज्यांनी मराठी माणसाच्या डोळ्यांनी केलं, त्यांचं नाव प्रत्येक छापखान्यात माहीत असायला हवं: र. कृ. जोशी. कोल्हापुरात जन्मलेले, जाहिरात क्षेत्रात नाव कमावलेले, पुढे आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवणारे हे सुलेखनकार. विंडोज २०००बरोबर आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट त्यांचा. आज तो कोणाला साधा वाटेल, पण हजारो कार्यालयांत मराठी पडद्यावर दिसली ती याच अक्षरांत. त्यानंतर मुंबईच्या ‘एक टाइप’च्या मंडळींनी ‘मुक्त’ आणि ‘बलू’सारखे फॉन्ट सर्वांना मोफत वापरायला दिले. पत्रिकेच्या बारीक मजकुराला मी ‘मुक्त’ला पसंती देते, कारण लहान आकारातही त्यातली मात्रा न् मात्रा वाचता येते.

अक्षरांची अडचण आपल्याकडे जुनीच आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात राचोलला छापलं गेलं ते रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे तिथे नव्हते. ओव्या मराठी, अक्षरं मात्र परकी. आता खिळ्यांची अडचण उरलेली नाही, तरी लग्नाचा मजकूर मला व्हॉट्सॲपवर रोमन अक्षरांतच येतो आणि ‘न’ की ‘ण’ हे विचारायला फोन करावा लागतो.

तंत्रज्ञानाच्या दिसण्याबद्दलही माझं ठाम मत आहे. २०१३ साली ॲपलने आयफोनच्या पडद्याचं रूप सपाट आणि सडपातळ केलं, तेव्हापासून बारीक रेघेची अक्षरं आणि घट्ट ओळी ही सगळीकडे फॅशन झाली. रोमन अक्षरांना ते शोभतं. आपल्या लिपीला शिरोरेखेच्या वर मात्रा, चंद्र, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार यांच्यासाठी जागा लागते. इंग्रजीच्या मापाने आखलेल्या बटणात मराठी कोंबली, की ‘र्की’चा माथा कापला जातो आणि ‘कृ’चा पाय. ओळींमध्ये मोकळी जागा सोडणं हा देवनागरीचा हक्क आहे, आणि ॲप बनवणाऱ्यांकडे तो मागितला पाहिजे.

फ्लेक्सवाल्यांनाही एक सांगायचं आहे: जागा भरायची म्हणून अक्षर ताणू नका. बोरूच्या तिरक्या कापामुळे देवनागरीत कुठे जाड, कुठे बारीक असा तोल आलेला आहे. ‘सुस्वागतम’ नुसतं रुंदीला ओढलं, की उभे दांडे फुगतात, शिरोरेखा मात्र तेवढीच राहते आणि अक्षर बसकं दिसतं. त्यापेक्षा मोठा आकार घ्या, नाहीतर शब्द कमी करा.

हार्डवेअरबद्दल थोडक्यात: महागड्या ग्राफिक कार्डाआधी चांगला मॉनिटर घ्या आणि कागदावर एक नमुना काढून बघितल्याशिवाय रंग नक्की करू नका. पडद्यावरचा रंग प्रकाशाचा असतो, कागदावरचा शाईचा. दोन्ही हुबेहूब जुळत नाहीत. किनाऱ्यालगत राहत असाल तर प्रिंटर झाकून ठेवा, खारी हवा लोखंडाला सोडत नाही.

आणि पुढच्या वेळी पत्रिका छापायला द्याल, तेव्हा मजकूर देवनागरीत टाइप करून पाठवा, घरातल्या वडीलधाऱ्यांकडून नावं वाचून घ्या आणि छापणाऱ्याकडून युनिकोडमधली फाइल मागून घ्या. ती तुमच्या घरात राहू द्या.